पहिली लाल ओळ

महाडच्या बाजारपेठेतला जुना माणूस पुराची चाहूल लागली की आधी आकाशाकडे बघत नाही. तो विचारतो, "वर काय चाललंय?" वर म्हणजे पोलादपूरला, आणि त्याच्याही वर महाबळेश्वरला. सावित्री तिथे उगम पावते, पोलादपूरवरून खाली उतरते, महाडला तिला गांधारी मिळते आणि पुढे ती बाणकोटच्या खाडीतून समुद्राला जाते. खाडीत भरती असेल तर वरून आलेल्या पाण्याला उतरायला वाट मिळत नाही, आणि मग ते बाजारात शिरतं. म्हणजे आमच्या गल्लीत पाणी आलं याचा अर्थ आमच्या गल्लीत पाऊस पडला असा नसतो. हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरीही संगणकासमोर बसल्यावर मी ते साफ विसरले, आणि त्या विसरण्यामुळे एका म्हाताऱ्या माणसाच्या तोंडचं पाणी पळवलं. ती ही गोष्ट.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. शिक्षण लोणेऱ्याला, नोकरी पुण्यात. २०२१ च्या जुलैत मात्र करोनामुळे घरूनच काम चालू होतं, म्हणून मी महाडला होते. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, बाबांचं वह्या-पुस्तकांचं दुकान खाली पेठेत. २१ जुलैच्या रात्री पाऊस नुसता ओतत होता. २२ तारखेला, गुरुवारी, उजाडता उजाडता पाणी जिन्याच्या पायऱ्या मोजायला लागलं. त्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, हा आकडा आम्हाला पुष्कळ नंतर कळला. त्याच दिवशी संध्याकाळी तळियेवर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडी कोसळल्या. हेही आम्हाला लगेच कळलं नाही, कारण वीज नव्हती आणि मोबाईलला रेंज नव्हती. आम्ही गच्चीवरून फक्त पाणी बघत होतो.

पाणी ओसरलं तेव्हा मागे राहिला तो चिखल. ज्यांनी २००५ चा पूर पाहिला होता त्यांना तो ओळखीचा होता, मला नव्हता. बाबांच्या दुकानातल्या वह्या फुगून रॅकमध्ये अशा घट्ट बसल्या होत्या की पहारीने काढाव्या लागल्या. बाबा रोज सकाळी नऊला, सवयीने, किल्ल्यांचा जुडगा खिशात टाकून खाली जायचे. शटर वाकलं होतं, गॅसने कापून बाजूला काढलं होतं. उघडायला कुलूपच उरलं नव्हतं, तरी जुडगा रोज खिशात.

बुधवारी, २८ तारखेला, आमच्या गल्लीतल्या पतसंस्थेचे मॅनेजरकाका वर आले. संस्थेचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. छोटी संस्था. दुकानदार, रिक्षावाले, भाजीवाल्या बायका, एमआयडीसीत कामाला जाणारी पोरं, यांचे रोजचे पन्नास-शंभर रुपये पिग्मीत जमा होणारी. काकांच्या पायात गमबूट होते आणि हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला सीपीयूचा डबा.

"अगं, तू कॉम्प्युटरमधली ना? हा जिवंत होतो का बघ. लोकांना पैसे द्यायचेत."

डब्याची हकीकत अशी. २१ च्या संध्याकाळी कामकाज बंद झाल्यावर संस्थेच्या शिपाईमामांनी सर्व्हर आणि चालू वर्षाची रजिस्टरं पोटमाळ्यावर नेऊन ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी २००५ पाहिलं होतं, एवढंच. पाणी पोटमाळ्यावरही चढलं, पण हातभरच. रजिस्टरांचा लगदा झाला. डब्याचा तळ आणि मदरबोर्ड चिखलात गेला. हार्ड डिस्क मात्र डब्याच्या वरच्या खणात बसवलेली होती. ती कोरडी होती.

सॉफ्टवेअर पुरवणारा माणूस पुण्याचा. त्याला फोन लागत नव्हता. सभासदांची पासबुकं घरोघरी भिजून गोळा झाली होती. म्हणजे कुणाचे किती पैसे हे सांगणारी एकच वस्तू आता त्या वरच्या खणात होती. आणि लोकांना रोकड हवी होती. पंप भाड्याने आणायला, चिखल काढणाऱ्या मजुरांना द्यायला, औषधांना.

माझ्याकडे कॉलेजच्या दिवसांतला, सुटे भाग जमवून बांधलेला एक डेस्कटॉप होता. त्यातली डिस्क काढून संस्थेची डिस्क त्यात बसवायची, असं ठरलं. जागा संस्थेचीच, कारण वीज तिथे होती. शेजारच्या औषधांच्या दुकानाने फ्रिजसाठी जनरेटर आणला होता आणि चार वाजेपर्यंत एक वायर आम्हाला द्यायचं कबूल केलं होतं. आम्ही सुरुवात केली तेव्हा दुपारचा एक वाजत आला होता.

ज्यांनी लिनक्सचं मशीन सुरू होताना पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सर्व्हरला चित्रांचा पडदा नसतो, काळ्यावर पांढरी अक्षरं असतात. सुरू होताना एकेका सेवेचं नाव वर सरकत जातं. सेवा म्हणजे मागे बसून मुकाट एकच काम करणारा प्रोग्रॅम: एक डिस्क जोडणारा, एक घड्याळ बघणारा, एक नेटवर्क उभं करणारा, एक डेटाबेस सांभाळणारा. काम झालं की डावीकडे हिरवं 'ओके', नाही झालं तर लाल 'फेल्ड'. या सगळ्यांना उठवणारा मुकादम म्हणजे सिस्टिमडी. २०१० मध्ये तो पहिल्यांदा आला, आणि २०१५ पासून डेबियनमध्ये तोच ठरलेला मुकादम आहे. संस्थेच्या सर्व्हरवर डेबियनच होतं.

बटण दाबलं. पंखा फिरला. ओळी भराभर वर सरकल्या, हिरव्या, हिरव्या, मध्ये काहीतरी लाल गेलं, पुन्हा हिरव्या, आणि शेवटी एक लाल ओळ डोळ्यांसमोर येऊन थांबली. संस्थेचा हिशेबाचा प्रोग्रॅम सुरू झाला नव्हता.

काकांनी डायरीतून पासवर्ड वाचून दाखवला. मी आत गेले आणि त्या प्रोग्रॅमची स्थिती विचारली. उत्तर आलं: 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली'. सुरू होण्याची विनंती फार घाईने, पुन्हा पुन्हा झाली. मी ऑफिसात जे करते तेच केलं, रीस्टार्ट. तेच उत्तर. पुन्हा रीस्टार्ट. पुन्हा तेच.

आता सांगायला लाज वाटते, पण त्या ओळीत कारण नव्हतंच. एखादी सेवा पडली की सिस्टिमडी तिला परत उभी करतो, तसं सांगून ठेवलेलं असेल तर. पण दहा सेकंदांत पाच वेळा पडली की तो नाद सोडतो आणि हे वाक्य लिहितो. म्हणजे ते वाक्य आजाराचं नाही, डॉक्टरने हात टेकल्याचं आहे. आजार त्याच्या वर कुठेतरी लिहिलेला असतो. मी वर गेले नाही. माझ्या डोक्यात चिखल होता, पाणी होतं, पोटमाळा होता. मी काकांकडे वळून म्हणाले, "काका, डेटाबेस खराब झालाय बहुतेक. डिस्कला पाणी लागलं असेल."

काका काही बोलले नाहीत. एक प्लॅस्टिकची खुर्ची धुऊन उलटी घातलेली होती, ती सुलटी करून ते बसले. मग म्हणाले, "सगळ्यांचाच?"

मला त्या प्रश्नाचा अर्थ समजायला वेळ लागला. त्यांना डेटाबेस म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्यांच्या डोळ्यांसमोर माणसं होती. अमक्याचा गेला, तमक्याचा राहिला, असं काही असू शकतं का, एवढंच ते विचारत होते. मी "बघते" म्हणाले. दाराबाहेर सात-आठ जण उभे होते. आमचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. महाडात बातमी पाण्याच्या आधी पोचते.

तेवढ्यात जनरेटर बंद पडला. डिझेल संपलं होतं. कॅन घेऊन माणूस गेला, वीसेक मिनिटं अंधार. मी बाहेर आले. पलीकडे बाबा फावड्याने दुकानातला गाळ ओढत होते. त्यांनी विचारलं, "काय म्हणतंय?" मी सांगितलं, काय झालंय ते कळत नाही. इंटरनेट नाही, कुठे शोधताही येत नाही. बाबा म्हणाले, "मग आधी काय झालं, नंतर काय झालं, ते तरी बघ." आणि परत गाळ ओढायला लागले. यात त्यांना फार काही मोठं सांगायचं होतं असं नाही. बाबांना संगणकातलं काहीच कळत नाही. दुकानात हिशेब जुळेनासा झाला की ते असंच करायचे, वहीचं पहिलं पान काढून बसायचे.

डिझेल आलं. या वेळी मशीन सुरू करताना मी मोबाईल पडद्यासमोर धरला आणि सगळ्या ओळींचं चित्रीकरण केलं. मोबाईलची बॅटरी १८ टक्के होती. मग ते चित्रीकरण थांबवत थांबवत पाहिलं. लाल ओळी दोन होत्या. मी फक्त दुसरी वाचली होती. पहिली तिच्या खूप आधी होती: 'फेल्ड टू स्टार्ट रेझ नेटवर्क इंटरफेसेस'. नेटवर्क उभंच राहिलं नव्हतं. आणि या दोन लाल ओळींच्या मध्ये, स्वच्छ हिरवी, डेटाबेसची ओळ होती. ज्याच्यावर मी आळ घेतला होता तो बिचारा केव्हाच उठून कामाला लागला होता.

सिस्टिमडी सगळ्यांच्या नोंदी एका रोजनाम्यात ठेवतो. जर्नलसीटीएल हा आदेश दिला की तो रोजनामा वाचता येतो, आणि त्याला 'बी' जोडला की फक्त या वेळच्या सुरुवातीपासूनचा. मी पहिल्या ओळीपासून खाली आले. नेटवर्कच्या जागी लिहिलं होतं: 'कॅनॉट फाइंड डिव्हाइस ईएनपी२एस०'. या नावाचं यंत्र सापडत नाही.

नेटवर्क कार्ड तर होतं. माझ्या डेस्कटॉपवर याच कार्डाने मी चार वर्षं काम केलं होतं. मशीनला दिसत असलेल्या कार्डांची यादी मागवली. यादीत एकच कार्ड होतं आणि त्याचं नाव होतं ईएनपी३एस०.

हे नाव कसं पडतं ते मला पुस्तकी माहीत होतं. पूर्वी लिनक्समध्ये कार्डांना इथ०, इथ१ अशी नावं असत, जे आधी सापडेल त्याला शून्य. दोन कार्डं असली की एखाद्या सकाळी त्यांची अदलाबदल व्हायची. म्हणून २०१३ मध्ये सिस्टिमडीच्या मंडळींनी नवी पद्धत आणली: कार्ड मदरबोर्डवर जिथे बसलंय त्या जागेवरून त्याचं नाव. 'ईएन' म्हणजे इथरनेट, 'पी२' म्हणजे दुसऱ्या क्रमांकाची बस, 'एस०' म्हणजे शून्य क्रमांकाची खाच. आळी आणि घर क्रमांक म्हणा. जागा बदलत नाही तोवर नाव बदलत नाही, म्हणून या नावांना 'भाकीत करता येणारी नावं' म्हणतात. संस्थेच्या जुन्या मदरबोर्डवर कार्ड दुसऱ्या आळीत होतं, माझ्या मदरबोर्डवर तिसऱ्या. डिस्कवरच्या फाईलमध्ये मात्र लिहून ठेवलेलं होतं की ईएनपी२एस० ला उठव आणि त्याला १९२.१६८.१.१० हा पत्ता दे. मशीन इमानदारीने जुन्या पत्त्यावर हाका मारत होतं.

मग डिस्क कशी सापडली? मशीन तर बदललेलं होतं. हे पाहायला मी दुसरी फाईल उघडली. तिथे डिस्कच्या भागाची ओळख जागेवरून लिहिलेलीच नव्हती. लांबलचक आकडे-अक्षरांची एक खूण होती, जी त्या भागावरच कोरलेली असते. कुठल्याही डब्यात टाका, कुठल्याही खणात बसवा, खूण त्याच्याबरोबर जाते. एकाच मशीनमध्ये ओळख पटवायच्या दोन रीती. एकीचा भरवसा जागेवर, दुसरीचा अंगावरच्या खुणेवर. एरवी दोन्ही चालतात. पुरानंतर फक्त दुसरी चालली.

मी फाईलमधला २ पुसून ३ केला. सेवा पुन्हा सुरू केली. 'अननोन इंटरफेस'. घाम फुटला. मग लक्षात आलं, नाव दोन ओळींत आहे. एका ओळीत 'याला आपोआप उठव', दुसरीत 'याचा पत्ता असा'. मी एकच बदलली होती. दुसरी बदलली. हिरवी.

आता हिशेबाचा प्रोग्रॅम. तो का पडला होता तेही रोजनाम्यात होतं: 'कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस'. त्याला ठरलेल्या पत्त्यावर, १९२.१६८.१.१० वर, खिडकी उघडून बसायचं होतं. नेटवर्क उभं नाही, म्हणजे मशीनला तो पत्ताच नाही, म्हणजे खिडकीला भिंतच नाही. पाच वेळा त्याने प्रयत्न केला आणि सिस्टिमडीने त्याचा नाद सोडला.

इथे एक प्रश्न उरतो, आणि नंतर पुण्यात नव्या मुलांना शिकवताना मी तो हमखास विचारते. नेटवर्क पडलेलं असताना सिस्टिमडीने या प्रोग्रॅमला उठवलंच का? त्याच्या फाईलमध्ये तर लिहिलेलं होतं की हा नेटवर्कच्या नंतर. उत्तर 'नंतर' या शब्दात आहे. सिस्टिमडीच्या भाषेत 'आफ्टर' म्हणजे फक्त क्रम. आधी त्याची पाळी, मग तुझी. त्याचं काम झालं की बिघडलं याच्याशी 'आफ्टर'ला कर्तव्य नाही. 'त्याच्याशिवाय नाही' म्हणायचं असेल तर वेगळा शब्द आहे, 'रिक्वायर्स'. शिवाय 'नेटवर्क टार्गेट' नावाचा जो टप्पा त्या फाईलमध्ये लिहिला होता, त्याचा अर्थ नेटवर्क चालू झालं असा नसतोच. नेटवर्क सांभाळणाऱ्याला उठवून झालं, एवढाच असतो. खरोखर जोडणी होईपर्यंत थांबायचं असेल तर 'नेटवर्क ऑनलाइन टार्गेट' हा निराळा टप्पा मागावा लागतो. हा गोंधळ फार जुना आणि फार जणांचा आहे. मीही कित्येक फाईलींत 'आफ्टर' लिहून निर्धास्त झाले आहे.

तीन वाजून गेले होते. प्रोग्रॅम सुरू केला. हिरवा. कर्मचाऱ्यांपैकी एका ताईंचा लॅपटॉप वाचला होता, तो सरळ केबलने जोडला. ब्राउझरमध्ये पत्ता टाकला आणि संस्थेचं निळं पान उघडलं. दारातल्या कुणीतरी टाळी वाजवली. काहीही व्हायच्या आत मी डेटाबेसची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतली. हे खरं तर सगळ्यात आधी करायचं काम. पेन ड्राइव्ह काकांच्या शर्टाच्या खिशात दिला आणि म्हणाले, "चला, उघडा दिवस."

पतसंस्थेत दिवस 'उघडावा' लागतो. आदल्या दिवसाचा हिशेब बंद झालेला असतो, नव्या तारखेने नवा दिवस उघडायचा, मगच देणं-घेणं. काका खुर्ची ओढून लॅपटॉपसमोर बसले. चष्मा वर केला, खाली केला. बटणावर नेलेलं बोट मागे घेतलं.

"अगं, आज एकवीस आहे होय?"

पडद्यावर वरच्या कोपऱ्यात तारीख होती: २१ जुलै २०२१, संध्याकाळ.

माझ्या हातून ते साफ निसटलं होतं. गेले दोन तास मी त्या मशीनसमोर होते, रोजनाम्याच्या प्रत्येक ओळीला तारीख होती, आणि मी ती एकदाही वाचली नव्हती.

कारण नंतर मॅन्युअलमध्ये सापडलं, सुदैवाने लिनक्सची मॅन्युअलं डिस्कवरच असतात. माझ्या जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरची गोळीसारखी बॅटरी केव्हाच संपली होती, त्यामुळे त्याला काळाचं भान नव्हतं. अशा मशीनने कुठल्यातरी प्राचीन तारखेला जागं होऊ नये म्हणून सिस्टिमडीची वेळ पाहणारी सेवा एक युक्ती करते. ती डिस्कवर एका फाईलवर अधूनमधून खूण करून ठेवते: इथवरचा काळ मला ठाऊक आहे. उठल्यावर घड्याळ त्याच्याही मागे असेल तर ती ते निदान त्या खुणेपर्यंत पुढे आणते. नंतर इंटरनेटवरून खरी वेळ घेते. इंटरनेट नव्हतं. म्हणून मशीन जागं झालं ते शेवटच्या ओळखीच्या क्षणी, २१ च्या संध्याकाळी, शिपाईमामांनी त्याला पोटमाळ्यावर न्यायच्या थोडं आधी. त्याच्या लेखी पाऊस अजून पडायचा होता.

"तसंच दाबलं असतं तर?" मी विचारलं.

"तर आजची सगळी उचल एकवीसला पडली असती. एकवीसचा दिवस बंद झालाय. व्याज चुकलं असतं, रोख शिल्लक जुळली नसती, आणि उद्या ऑडिटरने विचारलं असतं की पुराच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही एवढी रक्कम कुणाला वाटली?" काका म्हणाले. आवाजात राग नव्हता. मी चुकीच्या रकान्यात आकडा लिहिला असता तर जसं सांगितलं असतं तसं सांगितलं.

मी विचारलं, बरोबर वेळ किती. माझा मोबाईल चित्रीकरण पाहता पाहता बंद पडला होता. काकांनी मनगट पुढे केलं. किल्ली द्यायचं जुनं एचएमटी. आधी तारीख, मग तास, मग मिनिटं. सेकंदकाटा बारावर येईपर्यंत आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत बसलो, आणि तो आल्यावर मी एंटर दाबलं. रोजनाम्यात त्या जागी एक उडी आहे. एक ओळ २१ जुलैची, पुढची २८ जुलैची. मधले सात दिवस त्यात नाहीत.

दिवस उघडला. चार वाजायला पंधरा मिनिटं होती. औषधवाल्या दादांनी दारातून आत डोकावून पाहिलं आणि वायर काढायची घाई केली नाही.

पहिल्या एक आजी होत्या, भाजी विकणाऱ्या. त्यांच्या हातात पासबुकाचा वाळलेला गोळा होता. खाते क्रमांक त्यांना ठाऊक नव्हता. काकांनी त्यांच्याकडे बघून नाव टाइप केलं, त्याच नावाची तीन खाती आली. काकांनी नवऱ्याचं नाव विचारलं नाही, पत्ता विचारला नाही. वाडीतलं ते घर आता राहण्याजोगं नव्हतंच. त्यांनी मधल्या खात्यावर बोट ठेवलं. "हे. दर सोमवारी शंभर, बाकीचे वार पन्नास. सोमवार बाजाराचा." आजी म्हणाल्या, "हां, तेच." व्हाउचर हाताने लिहिलं, अंगठा घेतला, पैसे दिले. त्या संध्याकाळी टॉर्चच्या उजेडात सात वाजेपर्यंत काम चाललं. जनरेटर बंद होईपर्यंतची शिल्लक ताईंनी कागदावर उतरवून घेतली होती.

सर्वांचं काम झाल्यावर मी काकांना म्हणाले, "दुपारी मी उगाच बोलले, डेटाबेस गेला म्हणून. बघितलं नव्हतं नीट."

"मला वाटलंच," काका म्हणाले. "पण तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात यादी केली. कोणाचं किती, आठवेल तेवढं. सत्तर-ऐंशी नावांपर्यंत आलो होतो."

मी पुढची दोन वर्षं हे कुणाला सांगितलं नाही. मशीन चालू झाल्याची गोष्ट सांगायची, काकांच्या यादीची नाही. माझ्या एका अर्धवट वाचलेल्या ओळीमुळे एक माणूस उलट्या खुर्चीवर बसून गल्लीतल्या लोकांचे पैसे पाठ म्हणत होता, ही गोष्ट मिरवण्यासारखी नव्हती.

माझा डेस्कटॉप त्या संस्थेत दिवाळीपर्यंत चालला. मग नवा सर्व्हर आला. पुण्याहून आलेल्या माणसाने जुनी फाईल उघडली तेव्हा त्याला त्यात माझी टिप्पणी दिसली, दोन्ही ओळींच्या वर: 'पुरानंतर मशीन बदललं, म्हणून २ चा ३ केला. मशीन पुन्हा बदललं तर इथे आधी बघ.' त्याने नव्या सर्व्हरवर कार्डाची ओळख जागेवरून न ठेवता कार्डावरच्या कोरीव क्रमांकावरून, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसवरून ठेवली. मी म्हणाले, कार्डच बुडालं तर? तो हसला. प्रत्येक खुणेला तिचा पूर असतोच.

बाबांनी ऑक्टोबरात दुकान उघडलं. खालचे दोन रॅक आता पावसाळ्यात रिकामे असतात. नवं शटर आलं, नवं कुलूप आलं. पण तो जुना जुडगा बरेच दिवस त्यांच्या खिशात होता, आणि मला त्याचं आधी हसू यायचं तसं नंतर आलं नाही. कॉन्फिगरेशनची फाईल चूक नव्हतीच. ती लिहिली गेली तेव्हाच्या जगाशी ती तंतोतंत खरी होती. जग बदललं हे तिला कुणीतरी येऊन सांगावं लागतं, आणि दोन्ही ओळींत सांगावं लागतं.

आता पुण्यात टीमवर कुणी धावत येतं, अमुक सेवा उठत नाहीये म्हणून शेवटच्या ओळीचा फोटो दाखवतं. मी म्हणते, वर जा. पहिली लाल ओळ शोध. हिरव्या कोणत्या तेही बघ. आणि तारीख वाच. त्यांना वाटतं ही माझी काहीतरी पद्धत आहे.

दरवर्षी जुलैत, हवामान खात्याने रेड अलर्ट दिला की काकांचा फोन येतो. ते आता निवृत्त झाले आहेत, तरी येतो. "मामांनी डबा वर नेलाय," एवढं सांगतात. मग विचारतात, "तुला काय वाटतं, वर काय चाललंय?" मी महाबळेश्वरचा पावसाचा आकडा बघून सांगते.